मुलं घरी, आई-वडील कामावर : नेटचं कुलूप नेमकं कुठं लावायचं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली की संगणक दुरुस्तीच्या दुकानांत आणि नेट जोडून देणाऱ्यांच्या फोनवर एकच चौकशी सुरू होते. दोघंही नोकरीला, मुलं दिवसभर घरी, तर आम्ही नसताना संगणक आणि नेट आवरायची काही सोय आहे का? सोय आहे, आणि बहुतांशी फुकट आहे. पण ती भलत्याच जागी बसवली जाते, म्हणून आठवडाभरात निकामी होते. चाकण-भोसरीत पाळ्या करणारे किंवा रोज तीन तास लोकलमध्ये काढणारे पालक हे काम रात्री दहानंतर डोळे मिटत असताना करतात. त्यांचा तो तास फुकट जाऊ नये म्हणून जरा तपशिलात लिहीत आहोत.

आधी घरोघरी चालणारे तीन उपाय, कारण त्यांतून नुकसानच जास्त होतं. काही जण संगणकाची पॉवर कॉर्ड कपाटात ठेवून जातात. पण तीच तीन पिनांची कॉर्ड प्रिंटरला असते, मॉनिटरला असते, काही राइस कुकरनाही असते. मुलाला ती सापडायला दहा मिनिटं लागत नाहीत. काही जण राउटरचा ॲडॉप्टर पर्समध्ये घालून नेतात. पुष्कळ राउटर १२ व्होल्टवर चालतात आणि सेटटॉप बॉक्सच्या ॲडॉप्टरची पिन बहुतेक वेळा त्यात बसते. बसली म्हणून लावली, आणि ॲम्पिअर कमी पडले तर राउटर दर थोड्या वेळानं आपोआप बंद-चालू होत राहतो. व्होल्ट वेगळे निघाले तर राउटर कायमचा जातो. तिसरा उपाय सगळ्यांत महाग पडतो : भिंतीतून आलेली पिवळी फायबर केबल रोज सकाळी उपटून ठेवायची. त्या केबलच्या हिरव्या टोकाच्या मध्यभागी एक बारीक पांढरी नळी असते आणि प्रकाश तिच्या तोंडातून येतो. तिथं बोट लागलं, धूळ बसली किंवा केबल घट्ट गुंडाळून ठेवली की राउटरवर ‘लॉस’चा लाल दिवा लुकलुकायला लागतो. मग तक्रार नोंदवा, माणूस येईपर्यंत वाट बघा, आणि तोवर वडिलांचं घरून चालणारं कामही बंद.

राउटर पूर्ण बंद करण्यात आणखी एक धोका आहे, आणि त्याचा विचार फार थोडी घरं करतात. ज्या इमारतीत मोबाइलला धड रेंज नसते तिथं फोन वायफाय कॉलिंगवर चालतात. राउटर बंद म्हणजे घरात एकट्या असलेल्या मुलाला आईला फोन लावता येत नाही, दारावरचा कॅमेराही आंधळा होतो. तेव्हा नेट घरात चालूच राहू द्या. मुलाच्या वाट्याचं नेट तेवढं बांधा.

त्यासाठी पहिली जागा राउटर नव्हे, संगणकातलं खातं. विंडोजमध्ये खाती दोन तऱ्हेची असतात, ॲडमिनिस्ट्रेटर आणि स्टँडर्ड. नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना जे खातं तयार होतं ते ॲडमिनिस्ट्रेटर असतं. बहुतेक घरांत ते एकच खातं, बिनपासवर्डाचं किंवा मुलाच्याच वाढदिवसाच्या पिनचं, सगळे वापरतात. या खात्यात बसलेला सातवीतला मुलगासुद्धा तुम्ही घातलेलं कुठलंही बंधन काढू शकतो. विकतचं सॉफ्टवेअर घातलं असेल तर ते अनइन्स्टॉल करतो, घड्याळ मागे करतो, नवं खातं उघडतो. पैसे खर्चून आणलेली सॉफ्टवेअर ‘चालत नाहीत’ अशी तक्रार येते तेव्हा दोष बहुधा सॉफ्टवेअरचा नसतो. मुलगा मालकाच्या खुर्चीत बसलेला असतो.

कृती अशी. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग अकाउंट्स, मग अदर युजर्स उघडा. तिथं पालकांसाठी नवं खातं तयार करा आणि त्याचा प्रकार बदलून ॲडमिनिस्ट्रेटर करा. त्याला पासवर्ड द्या. चार आकडी पिन नको, कारण शेजारी बसलेलं मूल बोटांची जागा बघून ती पाठ करतं. आता जुन्या खात्यातून बाहेर पडून या नव्या खात्यात शिरा आणि जुन्या खात्याचा प्रकार स्टँडर्ड करा. या क्रमामुळे मुलाच्या फायली, खेळांची प्रगती, पडद्यावरचं चित्र जसंच्या तसं राहतं. आपलं काही हिरावून घेतलं असं त्याला वाटत नाही आणि निम्मं भांडण टळतं. मग खात्यांची यादी एकदा वरपासून खालपर्यंत बघा. थोरल्या भावाचं, मामाचं, ‘टेस्ट’ नावाचं एखादं जुनं ॲडमिनिस्ट्रेटर खातं तिथं पडून असतं आणि सगळं मुसळ केरात जातं ते तिथूनच. पालकांच्या खात्यात मुलाच्या बोटाचा ठसा नोंदवलेला नाही ना, हेही तपासा. लॅपटॉप आणल्या दिवशी हौसेनं सगळ्या घराचे ठसे घेतलेले असतात.

स्टँडर्ड खातं केलं की सगळं झालं असंही नाही. क्रोम ब्राउझर ॲडमिनिस्ट्रेटरच्या पासवर्डाशिवाय फक्त त्या खात्यापुरता बसवता येतो. रोब्लॉक्स हा मुलांचा लाडका खेळही तसाच बसतो. पेनड्राइव्हवरून थेट चालणारे ब्राउझर वेगळेच. म्हणून यावर दुसरा थर चढवावा लागतो तो मायक्रोसॉफ्ट फॅमिली सेफ्टीचा. मुलाचं स्वतःचं मायक्रोसॉफ्ट खातं उघडून ते पालकांच्या कुटुंबगटात घ्यायचं आणि मुलानं संगणकात त्याच खात्यानं शिरायचं. मग तुमच्या फोनवरून रोजचे तास ठरवता येतात, कुठल्या वेळात ते वापरायचे हे ठरवता येतं, एकेका खेळाला वेगळी मर्यादा घालता येते. तास आणि वेळ दोन्ही भरा. नुसते ‘दोन तास’ भरले तर मूल सकाळी आठलाच ते संपवतं आणि उरलेला दिवस तुम्हाला फोन करण्यात घालवतं. दुपारी तीन ते सात या वेळात दोन तास, असं भरलं की दिवसाला आकार येतो.

इथं तीन चुका वारंवार होतात. पहिली, निमंत्रणाची मेल मुलाच्या खात्यातून उघडून स्वीकारलेली नसते. पालकांच्या यादीत त्याच्या नावापुढे ‘पेंडिंग’ दिसत राहतं आणि एकही नियम लागू होत नाही. दुसरी, वेबसाइट गाळण्याची सोय फक्त मायक्रोसॉफ्टच्या एज ब्राउझरमध्ये चालते. ती चालू केली की इतर नेहमीचे ब्राउझर विंडोज त्या खात्यापुरते अडवतं, आणि ‘क्रोम बिघडला’ म्हणून मूल रडकुंडीला येतं. क्रोम बिघडलेला नसतो, ते तसंच व्हायला हवं असतं. तिसरी चूक शाळेच्या कामाची. लहान मुलांसाठी फक्त ठरवलेल्याच साइट उघडतील अशी यादी करता येते. त्यात गूगल क्लासरूम घातलं, पण लॉगइन जिथून होतं ते अकाउंट्स डॉट गूगल डॉट कॉम घातलं नाही, तर पान गोल गोल फिरत राहतं आणि गृहपाठ अडतो. यादी केल्यावर मुलाच्या खात्यात बसून त्याच्या प्रत्येक विषयाचं पान तुम्ही स्वतः एकदा उघडून बघा. एवढ्या एका कारणावरून पुष्कळ घरांत दुसऱ्याच दिवशी सगळं नियंत्रण काढून टाकलं जातं.

जन्मसाल खरं लिहा, हे तर पुन्हा पुन्हा सांगावंसं वाटतं. खातं उघडताना झंझट नको म्हणून पालकच २००० किंवा १९९५ साल टाकतात. ते खातं मग मोठ्या माणसाचं ठरतं, पालकांची बंधनं त्याला नीट बसत नाहीत आणि जाहिराती, सुचवण्याही मोठ्यांच्याच येतात. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानं १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं आहे, त्याच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती मागितली आहे आणि मुलांना लक्ष्य करून जाहिराती दाखवायला मनाई केली आहे. पण समोर मूल आहे हे कंपनीला सांगणार कोण? ती तारीखच ना?

नववी-दहावीतली संगणकात मुरलेली मुलं असतील तर एक फट आणखी बुजवावी लागते. पेनड्राइव्हवर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी प्रणाली घालून संगणक त्यावरून सुरू केला की विंडोजमधलं एकही बंधन उरत नाही. यासाठी संगणक सुरू होताना एफ२ किंवा डिलीट दाबून बायॉसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी चालणाऱ्या सेटिंगच्या पानात जा, सुपरवायझर किंवा ॲडमिन पासवर्ड घाला आणि यूएसबीवरून सुरू होणं बंद करा. पण त्याआधी एक काम न चुकता करा. विंडोज ११ च्या बऱ्याच लॅपटॉपांत डिस्क बिटलॉकर नावाच्या सोयीनं कुलूपबंद असते, आणि बायॉसमध्ये काही बदललं की पुढच्या वेळी ४८ आकडी बिटलॉकर रिकव्हरी की मागितली जाते. लॅपटॉप पहिल्यांदा सुरू करताना जे मायक्रोसॉफ्ट खातं वापरलं, बहुधा त्यात ती साठवलेली असते. ती शोधून वहीत उतरवून घ्या, मगच बायॉसला हात लावा. बायॉसचा पासवर्डही त्याच वहीत लिहा. डेस्कटॉपवर तो विसरला तर बऱ्याच मदरबोर्डांवर सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरी काही वेळ काढून ठेवली की पुसला जातो. म्हणजे ही युक्ती माहीत असलेल्या मुलालाही कॅबिनेटचा स्क्रूच तेवढा आडवा येतो. लॅपटॉपवर मात्र तो सहसा असा पुसता येत नाही आणि सेवा केंद्राची पायरी चढावी लागते.

आता राउटर. त्याच्या पानावर जायचा पत्ता त्याच्या पोटावरच्या स्टिकरवर छापलेला असतो, बहुधा १९२.१६८ ने सुरू होणारा. तिथला मूळ पासवर्डही त्याच स्टिकरवर असतो, आणि तो मुलालाही वाचता येतो. म्हणून पहिलं काम तो बदलणं. दुसरं काम घड्याळ. हे जरा जवळून दाखवतो, कारण राउटरचं वेळापत्रक फसतं ते नव्वद टक्के याच कारणानं असं म्हणावंसं वाटतं. वेळापत्रकाच्या पानावर तुम्ही दुपारी २ ते ५ नेट बंद, असा नियम लिहिता. दुपारी नेट चालूच राहतं. रात्री साडेसातला तुम्ही घरी येऊन बसता आणि नेट जातं. साडेदहाला परत येतं. राउटर खराब आहे असं वाटतं, पण तो नियम तंतोतंत पाळतोय. त्याचं घड्याळ मूळ ग्रीनिचच्या वेळेवर सोडलेलं असतं आणि आपण त्याच्या साडेपाच तास पुढे. त्याचे दुपारचे २ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसात. सिस्टिम किंवा टाइम नावाच्या पानावर जाऊन टाइम झोन अधिक ५:३०, कोलकाता किंवा नवी दिल्ली असा निवडा आणि तिथंच वेळ नेटवरून आपोआप घेण्याची सोय चालू आहे का बघा. ती बंद असेल तर वीज गेली-आली की घड्याळ मुळावर जातं आणि नियम पुन्हा भरकटतात. गावाकडे भारनियमनात हे रोजचंच.

रात्रीचा नियम लिहिताना आणखी एक खोच. रात्री १० ते सकाळी ६ असा मध्यरात्र ओलांडणारा नियम अनेक राउटरना समजत नाही. तो दोन तुकड्यांत लिहावा लागतो : २२:०० ते २३:५९ आणि ००:०० ते ०६:००.

कुणाचं नेट बंद करायचं हे राउटर प्रत्येक यंत्राच्या मॅक क्रमांकावरून, म्हणजे वायफायवरच्या त्याच्या ओळख-क्रमांकावरून ओळखतो, आणि इथंच फोन त्याला चकवतात. ॲन्ड्रॉइड १० पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायला आपला खरा क्रमांक न देता बनावट क्रमांक देतात. हे गोपनीयतेसाठी केलेलं आहे आणि चांगलंच आहे. पण वायफायच्या सेटिंगमध्ये एक टिचकी मारून बनावटचा खरा किंवा खऱ्याचा बनावट करता येतो, आणि तुम्ही अडवलेला क्रमांक हवेत विरतो. म्हणून अडवायच्या यंत्रांची यादी करत बसू नका. राउटरवर मुलांसाठी वेगळ्या नावाचं दुसरं वायफाय काढा, वेळापत्रक फक्त त्याला लावा, आणि मुख्य वायफायचा पासवर्ड बदलून तो पालकांचे फोन, कॅमेरा आणि कामाचा लॅपटॉप एवढ्यांतच ठेवा. मुलांच्या वायफायवर काय काय जोडायचं? मुलाचा संगणक, टॅब, घरात पडलेला जुना फोन, आणि हॉलमधला स्मार्ट टीव्ही. टीव्ही सगळे विसरतात. संगणक बंद झाला की मूल सोफ्यावर आडवं होऊन टीव्हीवर, तेही बाबांच्या खात्यातून, यूट्यूब लावतं.

आजी-आजोबांचा फोनही याच वायफायवर हवा, भले त्यांना वाईट वाटो. ॲन्ड्रॉइड १० नंतरच्या फोनवर जोडलेल्या वायफायचा क्यूआर कोड दाखवता येतो आणि तो दुसऱ्या फोननं स्कॅन केला की पासवर्ड न विचारता जोडणी होते. आजीचा फोन मुख्य वायफायवर असेल तर तो पासवर्ड नातवाकडे गेलाच म्हणून समजा. राउटरवर डब्ल्यूपीएस नावाचं बटण असतं, ते दाबूनही बिनपासवर्डाचं जोडता येतं; ती सोय सेटिंगमधून बंद करा. पिनेनं दाबायचं रिसेट बटण मात्र बंद करता येत नाही. ते दहाएक सेकंद दाबलं की राउटरचे सगळे नियम पुसले जातात. पण बऱ्याच जोडण्यांत कंपनीचं युजरनेम-पासवर्डही जातं आणि घरचं नेटच बंद पडतं. मुलाला हे आधीच सांगून ठेवलेलं बरं.

अश्लील आणि फसव्या साइट अडवायला सगळ्यांत सोपा मार्ग डीएनएसचा. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा; गाळणी असलेली सेवा नको त्या साइटचा पत्ताच देत नाही. राउटरच्या डीएनएसच्या रकान्यात १.१.१.३ आणि १.०.०.३ हे क्लाउडफ्लेअरच्या कुटुंब-सेवेचे क्रमांक भरा. किंवा क्लीनब्राउझिंगच्या कुटुंब-गाळणीचे १८५.२२८.१६८.१६८ आणि १८५.२२८.१६९.१६८ भरा. दुसरी गाळणी जास्त कडक आहे. ती गूगल आणि यूट्यूबही सुरक्षित शोधावर आणून ठेवते आणि बऱ्याच प्रॉक्सी साइट, म्हणजे अडवलेलं पान आडमार्गानं उघडून देणाऱ्या साइट अडवते. क्रमांक भरूनही गाळणी चालत नसेल तर दोन कारणं बघा. आपल्याकडच्या बऱ्याच फायबर जोडण्यांत आयपीव्ही६ ही नेटच्या पत्त्यांची नवी पद्धत चालू असते आणि त्याचे डीएनएस रकाने वेगळे असतात; तिथं क्लाउडफ्लेअरसाठी २६०६:४७००:४७००::१११३ भरावं लागतं. दुसरं, ब्राउझरमध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ आणि ॲन्ड्रॉइडमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ नावाची सोय असते. तिथं वेगळा पुरवठादार निवडलेला असेल तर राउटरला बगल दिली जाते. फुकट व्हीपीएन ॲपही हेच करतात, वर मुलाचं सगळं येणं-जाणं कुणा अनोळखी कंपनीच्या हातात देतात. डीएनएस साइट अडवतो, साइटच्या आत काय चाललंय ते त्याला दिसत नाही. इन्स्टाग्राम उघडं ठेवलंत तर त्यातलं सगळंच उघडं राहतं.

यूट्यूब पूर्ण बंद करणं आता शक्य नाही, शाळेचे धडेच तिथं असतात. तिथं मुलाचं खातं पालकांच्या देखरेखीखालचं करा. त्यात तीन पायऱ्या आहेत : ‘एक्सप्लोअर’ साधारण नऊ वर्षांपुढे, ‘एक्सप्लोअर मोअर’ तेरापुढे, आणि तिसरी जवळपास सगळं दाखवणारी. आपोआप पुढचा व्हिडिओ लागण्याची सोय बंद करा. तास जातात ते पुष्कळदा मुलानं निवडलेल्या व्हिडिओत नव्हे, त्याच्या मागून आपसूक लागलेल्यांत.

फोनबद्दल थोडक्यात. ॲन्ड्रॉइडवर गूगल फॅमिली लिंक, आयफोनवर स्क्रीन टाइम. दोन्ही फुकट, दोन्ही पुरेसे. मात्र ज्या फोनात सिम आहे त्याच्यापुढे राउटर हतबल असतो. रोजच्या दीड-दोन जीबीचं सिम असलेला घरातला जुना फोन हॉटस्पॉट झाला की सगळा खटाटोप वाया. मुलाला फक्त बोलण्यासाठी फोन हवा असेल तर साधा बटणांचा फोन ठेवा. नाहीतर सिम डेटा नसलेल्या प्लॅनवर ठेवा.

पैशांचंही बघा. घरी राहिलेल्या आजोबांच्या फोनवर यूपीआय लाइट चालू असेल तर एका वेळी १,००० रुपयांपर्यंतचे व्यवहार पिनशिवाय होतात आणि त्या पाकिटात ५,००० पर्यंत रक्कम राहू शकते. खेळातल्या नाण्यांचे पैसे त्यातूनही जाऊ शकतात. आजोबांना गरज नसेल तर लाइट बंद करा आणि प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पडताळणी मागा. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ तर २०२५ च्या कायद्यानं देशभर बंद झाले आहेत. तसला खेळ एखाद्या लिंकवरून आला तर तो बेकायदा आहे हे मुलाला स्पष्ट सांगा.

चोरून टेहळणी करणाऱ्या ॲपबद्दल मात्र आमचं मत ठाम आहे : घेऊ नका. ‘मुलाला कळणारही नाही’ अशी त्यांची जाहिरात असते. ते बसवताना प्ले प्रोटेक्ट ही ॲन्ड्रॉइडची सुरक्षा-तपासणी बंद करायला लावतात, प्ले स्टोअरच्या बाहेरून ॲपची फाइल (एपीके) उतरवायला लावतात आणि ॲक्सेसिबिलिटीची, म्हणजे पडद्यावरचं सगळं वाचायची परवानगी मागतात. म्हणजे मुलाचे फोटो, गप्पा, त्यानं टाइप केलेली अक्षरं परक्या सर्व्हरवर जाऊन पडतात. संरक्षण म्हणून आणलं आणि घरचंच दार उघडं टाकलं. शिवाय चौदा वर्षांच्या मुलाला हे कळतंच, आणि कळल्यावर ते अडचणीत सापडलं तरी तुमच्याकडे येत नाही.

अडचणीत ते येतंच असतं, म्हणून हे लिहितो. घरी कुणी मोठं नाही हे खेळातल्या गप्पांतून काढून घेणारे लोक असतात. आधी खेळातली भेटवस्तू, मग दुसऱ्या ॲपवर ये, मग कॅमेरा चालू कर, मग धमकी; क्रम जवळजवळ ठरलेला. मुलाला तीन वाक्यं पाठ असू द्या. घरी एकटा आहे हे कुणाला सांगायचं नाही. ओटीपी द्यायचा नाही आणि आपली स्क्रीन कुणाशी शेअर करायची नाही. काही चुकलं तर रागावणार नाही, आधी आम्हाला फोन कर. धमकी आलीच तर गप्पा पुसू नका, स्क्रीनशॉट घ्या. पैशांच्या फसवणुकीसाठी १९३०, मुलांच्या मदतीसाठी १०९८; दोन्ही क्रमांक संगणकाशेजारी भिंतीवर मोठ्या अक्षरांत लावा.

तास किती द्यायचे? भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखाली पडदा नको, दोन ते पाच वर्षांत जास्तीत जास्त एक तास, पाच ते दहा वर्षांत दोन तासांहून कमी. पुढच्या वयाला एकच आकडा धरण्यापेक्षा झोप, मैदान आणि अभ्यास आधी मांडा आणि उरलेल्या वेळातून काढा. ठरेल ते मुलाला समोर बसवून, त्याच्या अक्षरात कागदावर लिहून फ्रिजवर लावा. जास्तीचा वेळ मागायचा संदेश तुमच्या फोनवर साडेचारला, नेमका मीटिंगमध्ये येतो, आणि कटकट नको म्हणून पालक ‘हो’ दाबून मोकळे होतात. आठवडाभर असं झालं की मर्यादा कागदावरच उरते. दिवसातून एकदा, अर्धा तास, आणि तोही मागायच्या आधी कारण सांगून, असं आधीच ठरवा.

संगणक हॉलमध्ये ठेवा आणि त्याचा पडदा येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा वळलेला असू द्या. आजीला पोलीस करू नका. तिला ना पासवर्ड द्यायचा, ना हेरगिरी सांगायची. दार उघडं असावं आणि तीनला पोटात काही जावं, एवढंच तिच्याकडे. आणि संध्याकाळी तुम्हीही फोन बाजूला ठेवा. सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव इथं २०२२ पासून संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास घराघरांतले टीव्ही-मोबाइल बंद होतात. तो भोंगा मुलांइतकाच मोठ्यांसाठीही वाजतो, म्हणूनच मुलं त्याला मानतात असं आम्हाला वाटतं.

आता दोन मागण्या, आणि त्या आपल्या दैनिकातून पोचाव्यात ही विनंती. नेट जोडून देणाऱ्या कंपन्यांनी राउटरची ॲडमिनची पानं ग्राहकापासून लपवून ठेवू नयेत. जोडणीच्या दिवशीच माणसानं टाइम झोन भारताचा करावा, पासवर्ड ग्राहकाकडून बदलून घ्यावा आणि मुलांसाठी दुसरं वायफाय काढून द्यावं. जास्तीची दहा मिनिटं लागतात.

दुसरी मागणी शाळांकडे. दुपारी घरी सोडलेल्या मुलांचा गृहपाठ तीन वाजता व्हॉट्सॲपवर टाकू नका. तो आला की मुलाच्या हातात फोन द्यावाच लागतो, आणि वर लिहिलेलं सगळं कुलूप शाळेच्या एका संदेशानं उघडतं. गृहपाठ फळ्यावर लिहा आणि शाळा सुटण्याआधी वहीत उतरवून घ्या. सुट्टीचा अभ्यासही छापील कागदावर द्या. व्हिडिओ बघणं भागच असेल तर तो पालक घरी आल्यावर, रात्री आठनंतर बघायचा असं त्या कागदावरच लिहा.

आपले विश्वासू,
संगणक दुरुस्ती, नेटजोडणी आणि शालेय संगणक शिक्षणाचं काम करणारे काही जण,
पिंपरी-चिंचवड